पानावरून उठलेला दुभाष्या

निकमभाऊंना कुणी "तुम्हाला भाषा किती येतात हो?" असं विचारलेलं मुळीच खपायचं नाही. "भाषा म्हणजे काय म्हशी आहेत, दावणीला बांधून मोजायला?" असं म्हणायचे. विचारणारा ओशाळला की मग आपणच त्याला कँटीनमध्ये न्यायचे आणि एका चहात चार देश फिरवून आणायचे. इटालियन त्यांना साताऱ्याच्या बोलीइतकी सहज यायची. जर्मन आणि फ्रेंच कामापुरत्या. रशियन फक्त शिव्यांपुरती, आणि त्या शिव्या ते सायकल पंक्चर झाली तरच वापरत.

स्वातंत्र्य मिळून काही वर्षं झाली होती. चिंचवड स्टेशनच्या आसपासच्या माळावर कारखाने उभे राहायला लागले होते. आमच्या कारखान्यातली यंत्रं इटलीहून आलेली, ती बसवायला आलेला इंजिनियरही तिथलाच. त्याचं बोलणं मिस्त्र्यांना आणि मिस्त्र्यांचं त्याला सांगायला कंपनीनं निकमभाऊंना दुभाष्या म्हणून ठेवलं होतं. मी ऑफिसात टायपिस्ट. आम्ही दोघंही गावठाणात हौसाबाईंच्या घरी भाडेकरू होतो. एका खोलीत ते एकटे, शेजारच्या दोन खोल्यांत मी आणि माझी बायको.

दुभाष्या म्हटल्यावर माणूस बोलघेवडा असेल असं वाटतं. हे गृहस्थ दिवसभर दुसऱ्यांचं बोलत, त्यामुळे स्वतःचं बोलायला त्यांच्याकडे संध्याकाळच उरायची. काम करताना साहेबाच्या अर्धं पाऊल मागं उभे राहायचे, डोळे मिटून ऐकायचे आणि प्रत्येक वाक्याआधी "तो म्हणतो" लावायचे. "तो म्हणतो, हा बोल्ट ढिला आहे." "तो म्हणतो, तू गाढव आहेस." मिस्त्री चिडला तर डोळे उघडून शांतपणे सांगायचे, "मी नाही म्हणत. तो म्हणतो." हे 'तो म्हणतो' आमच्याही अंगात इतकं मुरलं होतं की घरी माझ्या बायकोनं "भाऊजी, चहा घेणार का?" विचारलं, तर मी त्यांच्या वतीनं म्हणायचो, "तो म्हणतो, साखर जास्त घाला." मग ते खो खो हसायचे.

ते फौजेत होते. दुसऱ्या महायुद्धात आफ्रिकेत पकडले गेले आणि इटलीत कैदेत पडले. इटली शरण जाऊन तिथला कैदी-तळ उधळला तेव्हा डोंगरात पळाले, आणि नुन्झिया नावाच्या एका म्हाताऱ्या शेतकरणीनं त्यांना आपल्या गवताच्या माळ्यावर सबंध हिवाळा लपवून ठेवलं. जर्मनांना सापडले असते तर तिचं घर जाळलं गेलं असतं. ती आधी त्यांना वाढायची, मग नातवंडांना. ह्यांनी लाजून ताट मागं सारलं की एका वाक्यात गप्प करायची: "तू ओस्पिते आहेस." पुढे निकमभाऊ पुन्हा पकडले गेले, ते तिच्या घरात नव्हे, दूर रस्त्यावर. तिचं काय झालं ते त्यांना कधीच कळलं नाही. हे सांगताना ते नेहमी बशीतला चहा तसाच धरून बसायचे आणि तो निवून जायचा.

तो 'ओस्पिते' शब्द मात्र त्यांच्या मानगुटीवर बसला तो बसलाच. पुढे जर्मनीतल्या तळावर एक म्हातारा फ्रेंच पाद्री भेटला, त्याला लॅटिन येत होतं, आणि कैदेत वेळेला तोटा नव्हता. दोघांनी त्या शब्दाचा सबंध गोतावळा खणून काढला. कँटीनमध्ये कुणी नवा आला की निकमभाऊ त्याच्यापुढे तो गोतावळा पंगतीला बसवल्यासारखा मांडायचे.

"इटालियनमध्ये ओस्पिते म्हणजे पाहुणा. आणि ओस्पिते म्हणजे यजमानसुद्धा. फ्रेंचांचा 'ओत' तसाच. आता दोघांत कोण कोण, हे पळी कुणाच्या हातात आहे त्यावरून ओळखायचं! इंग्रजांनी वाटणी केली. 'होस्ट' यजमानाला, 'गेस्ट' पाहुण्याला. पण दोघं एकाच आजाचे नातू. जर्मनांचा 'गास्ट', रशियनांचा 'गोस्त', सगळे पाहुणे. रशियन माणूस कुणाला 'साहेब' म्हणतो तेव्हा 'गोस्पोदिन' म्हणतो. त्याच्याही पोटात हाच पाहुणा बसलाय."

"आणि लॅटिन?" मला पाठ असल्यामुळे मी मुद्दाम विचारायचो.

"लॅटिनचं वाईट झालं बघा. 'होस्तिस' म्हणजे आधी नुसता परका, परगावचा. मग लढाया झाल्या, आणि तोच शब्द शत्रूला लागला. इंग्रजीतलं 'हॉस्टाइल' तिथलंच. आणि 'हॉस्पिटल', 'हॉटेल' ही त्याच्याच भावकीतली."

"म्हणजे पाहुणा आणि शत्रू एकच?"

"उंबऱ्याबाहेर उभा असेपर्यंत एकच. आत घेतला की पाहुणा." मग खंत केल्यासारखं म्हणायचे, "आपल्याकडं यजमान यज्ञातून आला आणि पाहुणा वाटेवरून. दोघांचं नातंच नाही. तेवढं एक आपल्यात कमी आहे."

ते कमी आहे की नाही, हे हौसाबाईंना विचारायला हवं होतं. त्या विधवा होत्या, वयानं साठीच्या आसपास, आवाज नदीपलीकडे जाईल असा. मुलगा किसन हाताशी होता, पण घरातला शेवटचा शब्द त्यांचा. पवनेच्या काठी त्यांचा मळा होता. वांगी, कांदा, हरभरा, कडेला चार केळी आणि बारमाही विहीर. निकमभाऊ राहायला आले त्याच दिवशी त्यांनी हाक मारली, "काय पाव्हनं, जेवला का?"

"मावशी, मी पाहुणा नाही, भाडेकरू आहे," निकमभाऊ म्हणाले.

"भाडं खोलीचं. पानावर बसलासा की पाव्हनं."

निकमभाऊंनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू नुन्झिया साता समुद्रांपलीकडून चालत चिंचवडला आली आहे. त्या दिवसापासून रविवारचं जेवण हौसाबाईंकडे ठरलं. पुढे ते आपल्या इटालियन साहेबालाही घेऊन येऊ लागले. त्याचं नाव मारिओ; हौसाबाईंनी त्याचा मारुतीराव केला. मारुतीराव मांडी घालायला शिकला, भरीत भाकरी बोटं चाटून खायला शिकला. हौसाबाई वाढताना प्रत्येक जिनसाची ओळख करून द्यायच्या: "ह्ये आपल्या मळ्यातलं हाय. ह्ये बी मळ्यातलंच." विकत आणलेलं काही वाढायची वेळ आली तर त्यांना चोरी केल्यासारखं व्हायचं.

आणि कंपनीला नेमका तो मळा हवा होता. कारखाना वाढवायचा होता, पाण्याची सोय त्या विहिरीवर होती. बाजूच्यांनी जमिनी दिल्या. किसनला कारखान्यात नोकरीचं आश्वासन मिळालं होतं, त्यामुळे तोही आतून तयार होता. हौसाबाई मात्र ऐकून घ्यायच्या, आलेल्या माणसाला ताक द्यायच्या आणि "न्हाई" म्हणायच्या. वर्षभर हे चाललं होतं.

आमच्या मावळाकडे एक रीत आहे. पाहुणा वाढलेल्या पानावर बसला, आणि घासाला हात न लावता त्यानं काही मागितलं, तर घर नाही म्हणत नाही. लग्नातले जावई अशा अंगठ्या आणि घड्याळं उकळतात. सगळी थट्टाच असते, कारण चांगला माणूस पानावर बसून मोठं काही मागतच नाही. ह्या रीतीला कुलूप नाही, ती मागणाऱ्याच्या लाजेवर चालते.

आमचे मॅनेजरसाहेब पुण्याचे असले तरी त्यांचं आजोळ मावळातलं. त्यांना रीत ठाऊक होती. एका शनिवारी त्यांनी निकमभाऊंना केबिनमध्ये बोलावलं. मी तिथेच टाइप करत बसलो होतो.

"उद्या मारिओ म्हातारीकडे जेवायला जाणार ना? त्याला मी इंग्रजीत सांगितलंय, इकडे जेवणाआधी मागणं हा मान समजतात. तो मळा मागेल. तुम्ही फक्त सांगायचं."

निकमभाऊ म्हणाले, "साहेब, असं मागू नये."

"तुम्हाला कुठं मागायचंय? मागणार तो. तुमचं काम भाषेचं."

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "भाऊ, उद्या पोटात दुखतंय म्हणून सांगा." ते उखडले. त्यांचं एक जुनं दुखणं होतं, ते त्यांनी तेव्हा मला पहिल्यांदा सांगितलं. जर्मनीच्या तळावर एका कोवळ्या पोरानं पहारेकऱ्याकडे कांबळं मागितलं होतं. तिथल्या दुसऱ्या दुभाष्यानं दया येऊन आपल्या पदरचं जोडलं, 'तो आजारी आहे'. आजारी म्हणून पोराला उचलून भलत्याच तळावर नेलं, तो पुन्हा दिसला नाही. "चांगल्या मनानं एक शब्द जास्त घातला," निकमभाऊ म्हणाले. "तेव्हाच ठरवलं, आपण नळ. पाणी कुठनं आलं, कुठं गेलं, नळानं बघायचं नाही."

मला ते पटलं नाही. पण त्यांच्याइतकं सोसलेल्या माणसाशी वाद घालणार कोण?

रविवारी पुरणपोळी होती. मारुतीराव, निकमभाऊ, किसन आणि मी असे ओळीनं बसलो. माझी बायको आत पोळ्या लाटत होती. पानं वाढून झाली. हौसाबाई तुपाची वाटी घेऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "हं, करा सुरू."

मारुतीरावनं हात जोडले. कुणीतरी शिकवल्याप्रमाणे मान लववून तो हसत हसत चार वाक्यं बोलला. त्या बिचाऱ्याच्या चेहऱ्यावर कपट नव्हतं. आपण इथली रीतभात शिकलो ह्याचा आनंदच होता.

निकमभाऊंनी डोळे मिटले. "तो म्हणतो, तुमच्या घरी मला आईचं जेवण मिळालं. तो म्हणतो, जेवणाआधी एक मागायचं आहे." इथे ते थांबले. मला वाटलं, आता काहीतरी वेगळं सांगतील. भरीत मागतोय म्हणतील, केळी मागतोय म्हणतील. तिथे इटालियन कळणारं दुसरं होतं कोण? पण ते म्हणाले, "तो म्हणतो, कंपनीला मळा द्या."

किसननं मान खाली घातली. हौसाबाईंनी मारुतीरावकडे पाहिलंच नाही. त्या निकमभाऊंकडे बघत होत्या.

"त्यो म्हनतो ते कळलं," त्या म्हणाल्या. "तुमी काय म्हनता?"

"मी काही म्हणत नाही, मावशी."

"कायच न्हाई?"

"माझं काम सांगायचं आहे."

हौसाबाईंनी वाटीतलं तूप मारुतीरावच्या पोळीवर सोडलं. थोडं तूप पानाबाहेर गेलं. "सांगा त्येला, जेव म्हनावं. मळा दिला."

निकमभाऊंनी ते सांगितलं. मारुतीराव आनंदून जेवायला लागला. हौसाबाई पुढे सरकल्या आणि निकमभाऊंच्या पोळीवर तूप सोडायला वाकल्या, तेवढ्यात ते उठले. घास नाही, पाण्याचा घोट नाही. वाढलेलं पान तसंच टाकून उठले आणि चपला घालून बाहेर पडले. "पाव्हनं, आवं पाव्हनं, बसा की!" हौसाबाई दारापर्यंत धावल्या. ते वळले नाहीत.

ते पान हौसाबाईंनी संध्याकाळपर्यंत कुणाला उचलू दिलं नाही. मग स्वतःच नेऊन गाईला घातलं. निकमभाऊ त्याच आठवड्यात सामान घेऊन सांगवीला राहायला गेले.

पुढचं सरळ झालं. मळ्याचा रीतसर मोबदला मिळाला, किसनला शिफ्ट मिळाली, वांग्यांवरून रोलर फिरला. मारुतीराव इटलीला परत जाण्याआधी दोन-तीनदा येऊन जेवून गेला. हौसाबाईंनी त्याला पहिल्यासारखंच वाढलं. निकमभाऊ रोज कामावर यायचे, 'तो म्हणतो' म्हणायचे. पण कँटीनमधली त्यांची पंगत उठली. एकदा कुणी नव्या पोरानं म्हटलं, "भाऊ, ते पाहुण्याचं सांगा ना." ते म्हणाले, "विसरलो." ज्या माणसाला पाद्र्याचं लॅटिन अक्षर न् अक्षर पाठ होतं त्यानं हे सांगावं, आणि आम्ही ते खरं मानावं! मला फार वाईट वाटलं.

एक दिवस हौसाबाई आमच्या पायरीवर येऊन बसल्या. माझ्या बायकोनं मळ्याचा विषय काढून हळहळ केली. त्यांनी तो हातानं झटकून टाकला.

"मळ्याचं काय घिऊन बसलीस पोरी? पाव्हन्यानं मागितला, दिला. त्येचं दुक हाय, पर ती दुसरी गोष्ट. निकम पाव्हनं माज्या पानावरनं उपाशी उठलं. माजं काय चुकलं व्हतं? मी वाढायला कमी केलं का? इतक्या वरसांत माज्या दारातनं कुनी असं गेलं न्हाई." आणि मग मळा गेला तेव्हा न रडलेली ती बाई पदर तोंडाला लावून रडली.

मी दुसऱ्या दिवशी सायकल-स्टँडवर निकमभाऊंना गाठून सगळं शब्दशः सांगितलं. त्यांच्याच पद्धतीनं, पदरचं काही न घालता. ते हँडल धरून उभेच राहिले.

"मला वाटलं, मी तिचा शत्रू झालो," ते म्हणाले. "शत्रूनं तिचं अन्न कसं खायचं? म्हणून उठलो हो."

"तिच्या लेखी तुम्ही पाहुणेच होता."

"तेव्हासुद्धा?"

"तेव्हासुद्धा."

त्यांचा चेहरा बघवेना. मळा मागताना त्यांनी आपली जीभ दुसऱ्याची म्हणून वापरली होती. पण पानावरून उठले ते स्वतःचे पाय होते. तिथे 'तो म्हणतो' म्हणायची सोय नव्हती. "जातो," ते म्हणाले. "तिच्याकडं जाऊन जेवतो. पोटभर जेवतो."

पण गेले नाहीत. ह्या रविवारी जाऊ, पुढच्या रविवारी जाऊ, असं करत पावसाळा गेला, दिवाळी गेली. मी टोचून बोलायचो. ते म्हणायचे, "धीर होत नाही राव." बंदुकीपुढे उभा राहिलेला माणूस एका म्हातारीच्या पंगतीला घाबरत होता. दरम्यान चिंचवडला हौसाबाईंचं काही ठीक चाललं नव्हतं. कारखान्याचा भोंगा मळ्याच्या जागेवरून वाजायचा, तो त्यांना सोसेना. धान्य, भाजी सगळं सून बाजारातून आणायला लागली होती, आणि विकतचं वाढायला त्यांचा हात पुढे होईना. एक दिवस त्या उठून मारुंजीला लेकीकडे गेल्या आणि तिकडेच राहिल्या.

हे कळल्यावर मात्र निकमभाऊ हलले. एका रविवारी सकाळी सायकल घेऊन माझ्या दारात हजर. दाढी घोटलेली, बुटांना फौजी चकाकी. "सकाळपासून काही खाल्लेलं नाही," म्हणाले. "चला." आम्ही दोघं मारुंजीला निघालो. वाटेत ते एखाद्या पोरासारखे बोलत होते. मावशी काय वाढेल, आपण पुन्हा पुन्हा कसं मागून घ्यायचं, ह्याचे बेत चालले होते.

घर विचारत विचारत पोचलो तेव्हा सूर्य डोक्यावर आला होता. हौसाबाई ओट्यावर बसून तूर निवडत होत्या. वाळल्या होत्या. आम्हाला बघून सुपासकट उठल्या, चेहरा एकदम उजळला, आणि तोंडातून जुनी हाक निघाली, "काय पाव्हनं!"

निकमभाऊंनी वाकून त्यांचे पाय धरले. "मावशी, जेवायला आलोय."

हौसाबाई सवयीनं दाराकडे वळल्या. पाऊल उंबऱ्याशी गेलं आणि तिथेच थांबलं. आत चूल त्यांची नव्हती. लेकीची, लेकीच्या सासूची होती. आतून भांडी घासल्याचा आवाज येत होता, म्हणजे घरची जेवणं उरकली होती. त्या मागे फिरल्या आणि खाली बसल्या. नदीपलीकडे जाणारा तो आवाज आता शेजारच्याला ऐकू जाऊ नये इतका हळू झाला होता.

"हितं मी काय वाढू, पाव्हनं? हितं मीच पाव्हनी हाय."

तेवढ्यात आतून विहीणबाईंनी विचारलं, "कोन आलंय वो?"

हौसाबाईंनी एकदा निकमभाऊंकडे बघितलं, मग दाराकडे. "कुनी न्हाई," त्या म्हणाल्या. "वाटंनं चाललेत, पानी प्यायला थांबल्यात."

त्या आत जाऊन तांब्या घेऊन आल्या. निकमभाऊ ओट्याखाली उन्हात उभे होते. त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला, मान वर केली आणि एका दमात सगळं पाणी प्यायले. मग रिकामा तांब्या त्यांच्यापुढे धरून म्हणाले, "मावशी, अजून वाढा."

हौसाबाई भरलेल्या डोळ्यांनी पुन्हा आत गेल्या.